आत्या, बटण आणि जिन्यावरून येणारी माणसं

हे मी लिहिणार नव्हते. खरंच. लिहिलं, उडवलं, परत लिहिलं, परत उडवलं. कारण ही आमच्या घरातली गोष्ट आहे, यात माझे बाबा आहेत, आणि त्यांच्याबद्दल असलं काही चारचौघांत लिहायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी त्यांनाच विचारलं. ते भांडी पुसत होते. वर न बघता म्हणाले, "लिही. फक्त मला वाचवायला जाऊ नकोस." म्हणून लिहितेय, एका दमात. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने पोट आत घ्यायचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन. नवे कपडे ती शिवायची नाही, लोकांचे जुनेच दुरुस्त करायची. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल. "लोक जाड होतात, बारीक होतात, माझं बरं चालतं," म्हणायची. आणि तोंडात कायम टाचण्या. ओठांत रांगेने धरलेल्या. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं 'हं'मध्येच व्हायचं. एक 'हं' म्हणजे बस. एक 'हं' म्हणजे चहा टाक, मलाही घे. आणि एक लांब 'हंऽऽ' म्हणजे आता ऊठ बाई, गिऱ्हाईक यायचंय. आम्हाला सगळे पाठ होते.

बटण हा आतोबांचा कुत्रा. पावसाळी कोटाच्या खिशातून आणलेलं पिल्लू. आल्या आल्या त्याने त्याच कोटाचं बटण गिळलं आणि मग ते बाहेर कधी पडतंय याची घरभर वाट बघणं चाललं, तिथून नाव पडलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. आतोबा असेपर्यंत अगदी गरीब कुत्रा. कुणीही यावं, पोट खाजवून जावं.

मग एका सकाळी आतोबा दाढी करता करता पडले. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली, घाईत होती, त्यांचीही चूक नाही. बटण मध्ये मध्ये येत होता, त्याला कुणीतरी पायाने बाजूला ढकललं. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर बसेना. तिरकं केलं, आतोबांचा हात खाली लोंबायला लागला, आणि बटण वरून कठड्याच्या गजांतून हे सगळं बघत होता. आतोबा परत आले नाहीत.

त्यानंतर जिन्यावरून ओझं घेऊन कुणीही आलं की बटण फुटायचा. भुंकणं नाही म्हणता येणार त्याला. अख्खं अंग ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस, साखळीला असे हिसके की आत्याचा खांदा निखळायचा राहायचा. आणि दोन माणसं मिळून काही उचलून आणत असली तर संपलंच. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी कपाट येत होतं, दार नेमकं उघडं राहिलं, बटण तीरासारखा गेला आणि हमालाची पँट फाडून पोटरीला दात लावून आला. आत्याने त्या माणसाला दवाखान्यात नेलं, आणि पँट घरी आणून अशी रफू केली की कुठे फाटली होती ते शोधावं लागावं. "हा फाडतो, मी शिवते. धंदा बरा आहे," असं तिने मला फोनवर सांगितलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन सांगून गेले होते, "बाई, पुन्हा कुणाला दात लागला तर कुत्रा इमारतीत राहणार नाही. मला वाईट वाटतं, पण लहान मुलं आहेत इथे."

सुरुवातीला आत्याने तेच केलं जे सगळे करतात. ओरडली. वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटके दिले. बटण आणखी बिघडला. मग ती त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या तरुण आहेत, फटकळ आहेत, मला फार आवडतात. त्या म्हणाल्या, "काकू, हा माज नाहीये. हा घाबरलाय. तुमचा नवरा घाबरला असता तर तुम्ही त्याला फटके दिले असते?"

"कधीकधी दिले असते," आत्या म्हणाली.

पण तिला पटलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं साधंच होतं. ज्याची भीती वाटते ते बटणला लांबून दिसू द्यायचं, इतक्या लांबून की त्याला ते दिसेल पण तो फुटणार नाही. त्याने बघितलं की लगेच एक ठरलेला आवाज करायचा आणि लगेच आवडीचा खाऊ द्यायचा. दर वेळी. आवाज झाला आणि खाऊ आला नाही असं कधीच होता कामा नये. तो गुरगुरला तर रागवायचं नाही, अंतर वाढवायचं, कारण तो सांगतोय की मला जमत नाहीये. हळूहळू त्याच्या डोक्यात बसतं की ओझंवाला माणूस दिसला म्हणजे काहीतरी चांगलं होणार. एवढंच. आणि खूप, खूप धीर.

आवाज कसला करायचा? आत्याच्या तोंडात टाचण्या. दिवसभर टाचण्या. मग तिने अंगुस्तान वापरलं, म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती लोखंडी टोपी. ती तिच्या बोटात असायचीच. मशीनच्या कडेवर टक्, की उकडलेल्या चिकनचा तुकडा. टक्, तुकडा. चिकनचा डबा कात्रीच्या शेजारी. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिकनचा वास येतो अशी तक्रार आली तेव्हा म्हणाली, "मग कुत्री तुमच्यावर प्रेम करतील, वाईट काय?"

आता माणूस हवा होता, ओझं उचलणारा. तो मिळाला गॅस सिलेंडरवाला. काडीसारखा बारीक, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणायचे. बटण त्याचा जुना शत्रू. आत्याने त्याला गेटपाशी रिकाम्या हाताने नुसतं उभं राहायला सांगितलं. ती आणि बटण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

"मावशी, हा मला खायचा विचार करतोय का तेवढं सांगा, म्हणजे घरी निरोप पाठवतो."

"तुझ्यात खायला आहे काय? हलू नकोस."

"हलत नाहीये. थरथरतोय फक्त."

डब्यावर टक्, तुकडा. बटणचा पडका कान हलला.

मग रिकामा सिलेंडर पायाशी ठेवून. मग खांद्यावर घेऊन, पण गेटबाहेर. मग गेटच्या आत. कधी जमायचं, कधी एखादी मोटारसायकल फटफटायची आणि महिन्याची मेहनत पाण्यात. तेव्हा आत्या काही बोलायची नाही, बटणला घेऊन मागे जायची, जिथे जमत होतं तिथपर्यंत, आणि तिथून पुन्हा. मी सुट्टीत गेले की तिच्याबरोबर अंगणात बसायचे. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. मी म्हणायचे, आत्या, अगं किती हळू! ती टाचण्यांमधून 'अंहं' करायची.

आणि मग एके दिवशी पैलवान भरलेला सिलेंडर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला आणि बटणने त्याच्याकडे बघितलं, मान वळवून आत्याकडे बघितलं, आणि शेपटी हलवली. पैलवान सिलेंडर खाली ठेवायलाच विसरला. दारात तसाच उभा, डोळ्यांत पाणी. "मावशी, ओळखला हो मला!"

मला वाटलं, झालं. पण आत्या थांबेना. तिने पैलवानाला सांगितलं, तुझ्या मेव्हण्याला घेऊन ये. कपडा कापायची तिची लांब फळी होती, ती दोघांनी दोन टोकांना धरून जिन्यावरून न्यायची. वर चादर टाकून. आधी खाली अंगणात, मग एक मजला, मग दुसरा. मला काही कळेना. आता सिलेंडर जमतोय, सेक्रेटरी गप्प आहेत, मग ही फळी कशाला?

मी विचारलं. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत खोचल्या. म्हणजे मोठं बोलणं होतं.

"माझ्या हृदयाची झडप खराब आहे. डॉक्टर म्हणतात कधीही काहीही होऊ शकतं. झालं तर जिथे आहात तिथेच आडवं व्हायचं आणि फोन करायचा, जिना अजिबात उतरायचा नाही. म्हणजे मला न्यायला माणसं वर येणार. दोन. स्ट्रेचर घेऊन. तेव्हा याला कोंडायला मी उठू शकेन की नाही कुणास ठाऊक, याने त्यांना आत येऊ दिलं पाहिजे. नाही दिलं तर एक तर मी राहीन इथेच, नाही तर हा कुणाला तरी चावेल आणि याचं संपेल."

"बाबांना सांगितलंस?"

"तुझा बाप मला उचलून तुमच्या घरी नेईल. तुझ्या आईला कुत्र्याच्या केसांनी धाप लागते. मग याचं काय करू, गाठोड्यात बांधू?"

आणि परत टाचण्या तोंडात. विषय संपला.

बाबांना कळलंच शेवटी, कारण तिला हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं, झडपेच्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी. आपल्या पायांनी गेली, रिक्षाने. बाबा लगेच पिशवी भरून तिच्या घरी राहायला आले, बटणला सांभाळायला. बाबांना कुणी बोलवावं लागत नाही अशा वेळी, हे मी त्यांना वाचवायला लिहीत नाहीये, तसे ते आहेतच.

पण बाबा आयुष्यभर शाळेत पीटीचे सर होते. गळ्यात शिट्टी. एक शिट्टी, आणि अख्खं मैदान जागच्या जागी. पोरं धावत असोत, भांडत असोत, शिट्टी वाजली की पुतळा. त्यांच्या लेखी आवाज म्हणजे हुकूम. दुसरा अर्थच नाही.

निघताना आत्याने सांगितलं होतं, "टक् झालं की तुकडा. चुकवू नकोस रे."

"हो गं ताई. परत येशील तेव्हा कवायत करत असेल हा."

पहिले एक-दोन दिवस त्यांनी दिले तुकडे. मग त्यांना वाटलं, एवढं चिकन खाऊन पोट बिघडेल. मग वाटलं, किती दिवस लाच द्यायची, आता शिकला ना? कुणी जिन्यावरून आलं, बटण जरा भुंकला, की बाबा अंगुस्तान घालून टक्! म्हणजे गप्प. गप्प नाही बसला तर जोरात, टक् टक्! तरी नाही तर साखळीला हिसका. पैलवान आला तेव्हा त्याने बघितलं आणि बिचकत म्हणाला, "साहेब, मावशी असं नाही करत." बाबा म्हणाले, "तू सिलेंडर ठेव." हे मला बाबांनीच सांगितलं, नंतर. त्या पोराने सांगितलं होतं गं मला, असं म्हणाले.

म्हणजे ज्या आवाजाचा अर्थ दीड वर्ष 'काही काळजी नाही, हे घे' असा होता, त्याचा अर्थ झाला, आता मानेला हिसका बसणार. आणि तोही नेमका जिन्यावर पाऊल वाजलं की.

आत्या घरी आली. जिना चढायला मनाई होती म्हणून बाबांनी आणि पैलवानाने तिला खुर्चीत बसवून वर आणलं, बटणला आत कोंडून. दार उघडल्यावर बटण तिच्या मांडीत घुसला, रडला, सगळं झालं. मग तिने सवयीने अंगुस्तान घातलं आणि मशीनच्या कडेवर टक् केलं. बटण भिंतीला चिकटला. शेपटी पोटाखाली, आणि दाराकडे बघून गुरगुरायला लागला. दारात कुणी नव्हतं.

आत्या बघत राहिली. मग बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "मी फक्त शिस्त..." आणि थांबले, कारण त्यांना तेव्हाच कळलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, बाबा म्हणतात. तिने अंगुस्तान काढलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "जेवून जा."

तिने परत सुरुवात केली. या वेळी तोंडाने, 'बरं' असं म्हणून. त्यासाठी टाचण्या तोंडात धरणं सोडलं, शेजारी ताटलीत ठेवायला लागली, काम निम्म्यावर आलं. खाली अंगणात जाता येत नव्हतं म्हणून खिडकीतून. पैलवान खाली रस्त्यावर उभा, हा वर, 'बरं', तुकडा. पण बटणचा आता आवाजावरच भरवसा नव्हता. तुकडा घ्यायचा आणि मागे सरायचा, हिसका कुठून येतोय ते बघत. सिलेंडर पुन्हा जमेना. फळीचं तर नावच नको.

मी फोन केला की म्हणायची, "होईल गं. आधी झालं होतं ना, परत होईल. वेळ मिळाला पाहिजे फक्त."

वेळ मिळाला नाही.

दुपार होती. तिच्या छातीत दुखायला लागलं. तिने स्वतः अँब्युलन्सला फोन केला. पत्ता सांगितला आणि म्हणाली, वर येऊ नका, मी खाली येते. मग बटणला आतल्या खोलीत नेलं, चिकनचा सगळा डबा त्याच्यापुढे ओतला, दार बाहेरून लावलं, आणि जिना उतरायला लागली. जो जिना अजिबात उतरायचा नव्हता तो.

खालच्या मजल्यावरच्या बाईंना ती पहिल्या मजल्याच्या वळणावर दिसली. पायरीवर बसलेली, भिंतीला टेकून, घामाने चिंब. त्या धावल्या, म्हणाल्या, थांबा, मी त्या माणसांना वर बोलावते. आत्याने त्यांचा हात धरला. "वर नका बोलावू. कोंडलंय, तरी तो घाबरतो." चावतो नाही म्हणाली. घाबरतो.

स्ट्रेचर त्या वळणावर पुन्हा तसंच तिरकं करावं लागलं. वर बटण दारावर धडका मारत होता, अख्ख्या इमारतीला ऐकू येत होतं. त्याने कुणालाही दात लावला नाही. आत्याने हॉस्पिटलच्या दारातच प्राण सोडला. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, या जिना का उतरल्या?

आईने तोंडाला फडकं बांधलं, गोळ्या घेतल्या आणि बटणला आमच्या घरी ठेवून घेतलं. पण तो बाबांना बघून कोपऱ्यात जायचा. बाबा रोज थोडं जवळ बसायचे. एक दिवस घाई केली, हात पुढे केला, आणि बटणने तो चावून फाडला. बाबा म्हणाले पत्र्याने कापलं. आई म्हणाली, "पत्र्याला दात असतात का?" दोघंही रडत होते. डॉक्टरीणबाईंनी टाके घालायला पाठवलं आणि बटणला आपल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. मी हॉस्टेलला असते, वॉर्डनने सरळ नाही म्हणून सांगितलं. मी भांडले, उपयोग नाही.

बाबा रोज दुपारी तिथे जाऊन पिंजऱ्याबाहेर जमिनीवर बसतात. काही बोलत नाहीत, हात पुढे करत नाहीत. बटण त्यांच्याकडे पाठ करून पडून असतो. गेल्या आठवड्यापासून त्याने खाणं जवळजवळ सोडलंय. डॉक्टरीणबाई मला फोनवर म्हणाल्या, "मी त्याला कायमचं झोपवायची सुई देणार नाही, तो प्रश्नच नाही. पण आजूबाजूला पिंजऱ्यांतून कुत्री उचलून नेतात-आणतात, तो दिवसभर ते बघतो. इथे तो जगणार नाही. त्याला घर पाहिजे. तळमजल्यावरचं, शांत."

म्हणून हे सगळं लिहिलं. तुमचं घर तळमजल्यावर असेल, घरात फार ये-जा नसेल, आणि तुम्हाला घाई नसेल, तर बटणला भेटून या. पत्ता मला विचारा, लगेच पाठवते. त्याला घरी न्याच असं आत्ता म्हणत नाही, नुसतं भेटा. त्याच्यासमोर उभं राहू नका, बाजूला तोंड करून खाली बसा, त्याच्या डोळ्यांत बघू नका. तो वळला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी परत जा. तिथे माझे बाबा बसलेले दिसतील, त्यांना जरा सरकायला सांगा, ते सरकतील.

पण या आठवड्यात जा. पुढच्या नको.